आंगणातली खोली: आधी जमीन, मग पश्चिमेची ताटी, झाडं शेवटी

बाग करायची ठरली की माणूस पहिल्यांदा रोपवाटिकेत जातो आणि सगळं तिथेच बिनसतं. मृगाच्या पावसात पंधरा रोपं येतात, दिसेल त्या जागेत लागतात, पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यातली पाच-सहा तगतात. बाज टाकायला सावली मात्र तेव्हाही नसते. विदर्भातल्या घराचं आंगण मुळात खोलीच असतं. तिथे निजतात, कुरडया घालतात, पाहुणा आला की खुर्ची टाकतात. तेव्हा खोलीला लागतं ते आधी बघावं: जमीन, उन्हाच्या बाजूची भिंत, वरचं छत. झाडं त्यानंतर.

इथलं सगळं माप १२ फूट लांब, १० फूट रुंद अशा बैठकीचं धरलं आहे. आंगण २० बाय २५ फुटांचं असलं तरी पुरतं. त्यापेक्षा मोठं असेल तर बैठक वाढवू नका, उरलेली जागा मोकळी सोडा.

बाज टाकून माप घ्या

कागदावर नकाशा काढण्यापेक्षा घरातल्या दोन बाजा बाहेर आणा. बाज साधारण सहा बाय तीन फुटांची. दोन बाजा समोरासमोर, मध्ये टोंगळे न अडकता माणूस जाईल एवढी तीन फूट वाट, डोक्याशी पाण्याचा माठ आणि एक खुर्ची, एवढं मांडलं की १०×१२ ची जागा आपोआप भरते. तिच्याभोवती फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीनं, रेघ मारा आणि आठ दिवस तशीच ठेवा. घरातली माणसं, पोरं, शेळी रोज कुठून जातात ते त्या आठ दिवसांत कळतं. रेघ जिथे रोज पुसली जाते तिथे वाट आहे. तिथे ओटा किंवा वाफा घातला तर लोक तो तुडवूनच जाणार.

याच वेळी आणखी तीन जागा राखून ठेवा. वाळवणासाठी ६×८ फूट जागा, तिच्यावर कशाचीही सावली नको. मिरच्या, सांडगे, हळद आंगणातच वाळतात, आणि मांडव घातल्यावर उन्हाळ्यात पहिलं भांडण यावरूनच होतं. फटफटीसाठी फाटकाजवळ ७×३ फूट. जागा दिली नाही तर ती बरोबर मांडवाखाली येऊन उभी राहते. तिसरी जागा भांडी घासण्याची. तिचं पाणी कुठे जातं ते पुढे सांगितलं आहे.

ऊन कुठून येतं

नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात २५ मेच्या आसपास, म्हणजे नवतपा लागतो तेव्हा, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणून घराच्या उत्तरेला आंगण असलं तरी त्या दिवसांत दुपारी घराची सावली मिळत नाही. उलट डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की दहा फुटांच्या भिंतीची दुपारची सावली उत्तरेला जवळजवळ दहा फूट पडते. उत्तरेच्या आंगणात हिवाळाभर गारठा आणि ओल राहते ती याचमुळे. पूर्वेचं आंगण नशिबाचं: दुपार कलली की घरच सावली धरतं. पश्चिमेच्या आंगणाला सगळ्यात जास्त काम आहे.

खरा त्रास दुपारी बाराचा नसतो, चार ते सहाचा असतो. मेअखेर चार वाजता सूर्य जमिनीपासून ३५-३७ अंशांवर असतो, पाच वाजता २३ अंशांच्या आसपास. इतकं तिरपं ऊन मांडवाच्या खालून आत घुसतं. मांडव कितीही दाट केला तरी पाच वाजता बाजेवर ऊन पडायचं ते पडतंच. त्याला उभा आडोसा लागतो. सात फूट उंचीची ताटी चार वाजता साधारण नऊ फूट सावली टाकते आणि पाच वाजता सोळा फूट. म्हणजे दहा फूट रुंदीच्या बैठकीला एक ताटी पुरते.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. उन्हाळ्यात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, जूनमध्ये तो पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो. म्हणून ताटी पश्चिमेच्या बाजूला पूर्ण घ्या आणि उत्तरेच्या कोपऱ्यावरून तीन-चार फूट वळवा. ही वळणाची ताटी नसली की साडेपाचला कोपऱ्यातून ऊन थेट डोळ्यांवर येतं.

जमीन

काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट काँक्रीट ओतलं की दोन उन्हाळ्यांत ते मधोमध तडकतं. मिस्त्री म्हणेल, "जाड टाकू." जाड टाकल्यानं तड उशिरा जाते, जात नाही असं नाही. त्यापेक्षा सुटी फरशी घाला. ती हलली तर उचलून बसवता येते.

काम दिवाळीनंतर काढा, जमिनीत वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना. उन्हाळ्यात तीच माती सब्बलला दाद देत नाही आणि पावसाळ्यात पाय काढवत नाही.

१०×१२ फुटांत दहा इंच खोदा. निघालेली काळी माती फेकू नका, वाफ्यांना लागेल. खड्ड्यात मुरूम भरा, पण एकदम नाही. तीन-चार इंचांचा थर, त्यावर पाणी शिंपडून धुम्मसनं ठोकणं, मग पुढचा थर. ठोकून झालेला मुरूम एक ब्रास (शंभर घनफूट) बसतो, म्हणजे सैल सव्वा ब्रास मागवा. एका दमात भरलेला मुरूम वरून घट्ट दिसतो, आत पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात फरशीच्या मध्ये ताटलीसारखा खोलगट भाग तयार होतो. वर दोन इंच चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, ती साधारण २० घनफूट लागते. त्यावर फरशी १२० चौरस फूट, तुटफूट धरून १३० आणा. फिक्या रंगाची घ्या. काळ्या कडप्प्यावर एप्रिलमध्ये पोरांचे पाय पोळतात.

घराच्या बाजूनं फरशी आंगणापेक्षा चार इंच वर, बाहेरच्या बाजूनं दोन इंच वर, म्हणजे दहा फुटांत दोन इंच उतार. दोर आणि पाण्याची नळी लावून तपासा, नजरेवर जाऊ नका. घराच्या जोत्यापेक्षा फरशी निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर झडीच्या पावसात भिंत ओल धरते. बाकीच्या तीन बाजूंना आडव्या धारेवर विटा लावा, ४५ विटा पुरतात. राखेच्या विटा घेतल्या तरी चालतं, कोराडी-चंद्रपूरच्या भागात त्या सहज मिळतात. फक्त कडेच्या विटा सिमेंटमध्ये बसवा. फरशीच्या फटी अर्ध्या इंचाच्या ठेवून त्यात चुरीच झाडून भरा. सिमेंटनं फटी बुजवल्या की त्या रेघेत तडा जातो, त्यातून पाणी खाली मुरतं आणि माती पुन्हा फुगते.

उरलेलं आंगण सारवलेलंच ठेवा. सारवलेली जमीन फरशीपेक्षा लवकर निवते आणि सगळं आंगण फरशीनं मढवलं तर रात्री दहापर्यंत धग सुटत नाही. संध्याकाळी पाणी शिंपायचं ते ऊन उतरल्यावर, सहाच्या पुढे. तापलेल्या फरशीवर चार वाजता शिंपलं तर वाफ उठते आणि उकाडा वाढतो.

ताटी

पश्चिमेला विटांची भिंत बांधायचा मोह होतो. बांधू नका. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी आंगणात धग सोडत राहते, वारा अडतो तो वेगळाच. बांबूच्या तट्ट्यांची ताटी ऊन अडवते आणि वारा येऊ देते.

सहा फूट रुंद, सात फूट उंच अशा चौकटी करा. उत्तर-दक्षिण १२ फुटांची बाजू असेल तर दोन, कोपऱ्याच्या वळणाला साडेतीन फुटांची एक. चौकटीला बांबू, मध्ये विणलेला तट्ट्या, मागून दोन तिरप्या कामट्या, म्हणजे ताटी झोलत नाही. खाली जमिनीपासून सहा इंच फट ठेवा. तिथून वारा येतो, खराटा फिरतो आणि वाळवी, म्हणजे आपली उधई, तट्ट्याला लागत नाही. ताट्या खांबांना कायमच्या ठोकू नका. चार आकड्यांवर अडकवा. मे-जूनमध्ये संध्याकाळी वावधान सुटतं तेव्हा दोन माणसं पाच मिनिटांत त्या उतरवून ठेवू शकतात. ठोकलेली ताटी शिडासारखी वारा धरते आणि खांबासकट वाकते.

तट्ट्याऐवजी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, कूडही चांगला होतो. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, करू नका. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात आणि त्या घराजवळ साठवून आपणच पुढच्या हंगामाची अळी सांभाळतो. कूड कोणताही असो, चूल त्याच्यापासून निदान दहा फूट लांब आणि वाऱ्याची बाजू बघून.

वाळ्याची ताटी लावून पाणी सोडलं तर एप्रिल-मेमध्ये गारवा झकास येतो, कारण तेव्हाची हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाला की तीच ताटी नुसती ओल देते, काढून वाळवून ठेवा.

मांडव

खांब लोखंडी असावेत, वरचं छत बांबूचं. बांबूचा खांब मातीत पुरला की दोन-तीन वर्षांत बुडाशी उधई लागते आणि वर वेलाचं वजन असताना तो मोडतो. दोन इंची जीआय पाइप २० फुटांचा मिळतो, त्याचे दोन तुकडे. दोन पाइपांत चार खांब: दोन फूट जमिनीत, आठ फूट वर. खड्डे फरशीच्या बाहेर, विटांच्या ओळीपासून सहा इंच सोडून घ्या. सव्वा फूट चौरस, दोन फूट खोल, बुडाशी थोडे जास्त रुंद. फुगणारी माती सरळ खड्ड्यातलं काँक्रीट वर ढकलते, बुड रुंद असलं की ते अडतं. एक-दोन-चार मालाला (एक सिमेंट, दोन रेती, चार खडी) चार खड्ड्यांना अडीच गोण्या सिमेंट लागतं. खांबाभोवती काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून उतरतं करा. पाणी जिथे साचतं तिथेच पाइप गंजतो, म्हणजे नेमका जमिनीच्या रेघेवर.

वर चारी बाजूंनी दीड इंची पाइप, त्यावर दीड-दीड फुटावर आडवे बांबू. अकरा फुटांचे नऊ पुरतात. बांबू पेराच्या लगेच पुढे कापा. पेर आत राहिलं तर टोकाच्या नळीत पावसाचं पाणी साचतं आणि डास होतात. खिळा थेट ठोकला तर बांबू उभा चिरतो. आधी भोक पाडा किंवा १६ गेजच्या तारेनं बांधा. ओला बांबू वापरण्यापेक्षा दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवलेला घ्या, भुंगा कमी लागतो.

आठ फुटांपेक्षा उंच मांडव करू नका. दिसायला ऐसपैस दिसतो, पण जेवढा उंच तेवढं तिरपं ऊन जास्त आत येतं.

पहिल्या उन्हाळ्यात वेल चढलेला नसतो. तेवढ्यापुरती ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट चालते. ती ताणून बांधू नका, थोडी सैल ठेवा, आणि पहिला दमदार पाऊस झाला की उतरवा. ९० टक्क्यांची काळी नेट कुणी सुचवली तर घेऊ नका. खाली गरम हवा कोंडते.

मांडवावर काय चढवायचं

इथे एक मेख आहे. दोडका, कारलं, वाल हे पावसाळ्यात फोफावतात. सावली लागते ती एप्रिल-मेमध्ये, तेव्हा ते नसतात. म्हणून मांडवाचा मुख्य वेल तोंडलीचा ठेवा. थंडीत तो सुकल्यासारखा होतो, पानं जातात, खाली ऊन येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी दिलं की बुडातून फुटतो आणि उन्हाळ्यात मांडव धरतो. हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली देणारा, वर भाजीही देणारा दुसरा इतका सोपा वेल नाही. फळ धरणाऱ्या वेलाच्याच अंगठ्याएवढ्या जाड, फूटभर लांब कांड्या आणा. बियांपासून आलेल्यात नर वेल निघतात आणि फळ येत नाही. चार खांबांपैकी दोघांशी लावा. जानेवारीत जुन्या काड्या छाटून जाड खोड तेवढं ठेवा. छाटणी केली नाही तर मांडवावर वाळक्या काड्यांचा ढीग होतो आणि त्यात उंदीर राहतात.

तिसऱ्या खांबाशी हौसेला मधुमालती. ती ऊन सोसते, पण दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिच्याकडून सावलीची अपेक्षा ठेवू नका, आणि तोंडलीवर तिला चढू देऊ नका. चौथा खांब मोकळाच राहू द्या, पावसाळ्यात दोडक्याला.

झाडं आणि वाफे

कडुनिंब भिंतीपासून वीस फुटांच्या आत नको. उन्हाळ्यात मुळं काळ्या मातीतलं उरलंसुरलं पाणी ओढतात, माती आणखी आकसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. शेवगा लावा, पण बाजेपासून लांब. फांदी ठिसूळ असते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. अंगाला लागल्या की आग होते. पुंजका दिसला की खाली पाचट पेटवून शेकू नका, खोड जळतं. लांब काठीला फडकं बांधून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, स्वयंपाकघराच्या दाराशी.

कागदी लिंबाला काळ्या जमिनीत एकच मोठा शत्रू, डिंक्या. खोडाशी पाणी साचलं की साल फाटून डिंक गळतो. रोप सपाट आळ्यात न लावता फूटभर उंचवट्यावर लावा आणि पाणी दुहेरी आळ्यात द्या: खोडाभोवती फूटभर माती चढवलेली कोरडी कडी, तिच्या बाहेर पाण्याची कडी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली चालत नाही. एका झाडाला याचा दहावा भागही पुष्कळ.

वाफे साडेतीन फुटांपेक्षा रुंद नकोत, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. भिंतीला लागून असेल तर दोनच फूट. जमिनीपासून आठ-दहा इंच उंच. खोदून निघालेली काळी माती दोन घमेली, रेती एक, कुजलेलं शेणखत एक, या मापानं मिसळा. नुसत्या काळ्या मातीत पालक पहिल्या झडीत पिवळा पडतो, कारण मुळांना हवा मिळत नाही. सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, धणे चोळून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, आणि सगळे एकदम न पेरता दर बारा-पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरा. उन्हाळ्यात तो ताटीच्या पूर्वेला, दुपारच्या सावलीत. उघड्या उन्हात लगेच फुलावर येतो. अंबाडीला कुठेही जागा द्या, ती तक्रार करत नाही.

मोगऱ्याला ऊन हवं, म्हणून तो बैठकीच्या पूर्व कडेला, मांडवाच्या बाहेर. डिसेंबरअखेर पाणी तोडा, छाटा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा.

कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, दीड-दीड फुटावर. शेळ्या दोन्हीला सहसा तोंड लावत नाहीत. लहान पोरं असलेल्या घरात कण्हेर नको, तिचं सगळं झाड विषारी असतं. वानरांचा फेरा असलेल्या गावात जांब (पेरू) आणि शेवगा बैठकीजवळ लावणं म्हणजे रोज सकाळी मोडक्या फांद्या उचलणं.

भांड्यांचं पाणी उताराच्या टोकाला केळीच्या वाफ्यात सोडा, शेजारी अळू. शोषखड्डा करायचा तर खालचा मुरूम लागेपर्यंत खोदा. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा पाणी पीत नाही, महिन्याभरात तुंबतो. झाडांसाठी २०० लिटरचा ड्रम चार फुटांच्या चौथऱ्यावर ठेवून १६ मिलिमीटरच्या नळीला बारीक नळ्या जोडल्या की वजनानंच पाणी ठिबकतं. दाब कमी असल्यानं दाबावर चालणारे ड्रिपर इथे नीट चालत नाहीत. ड्रमला झाकण हवंच.

रात्र

रातराणीच्या वासानं साप येतो, असं घरोघरी सांगतात. साप येतो तो बेडूक, उंदीर आणि दडायच्या जागेसाठी. म्हणून वेल-झुडपांची खालची फूटभर पानं काढून टाका, विटांचा आणि लाकडांचा ढीग बैठकीपासून लांब ठेवा. फरशीवर सतरंजी टाकून निजू नका. मण्यार रात्रीच हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसालाच बहुधा चावतो. बाज आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीचं कापड गादीखाली चारी बाजूंनी खोचलेलं.

दिवा बैठकीच्या बरोबर वर लावू नका. पिवळसर एलईडी, आठ-दहा फूट लांब, ताटीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर. पहिल्या पावसानंतर उधईला पंख फुटतात तेव्हा पाखरं तिकडे जातात आणि जेवणाचं ताट वाचतं. मच्छरदाणीसाठी मांडवाच्या बांबूंना सहा बाय तीन फुटांच्या मापात चार-चार आकडे आधीच बसवा. वेल चढल्यावर पानांत हात घालून बांबू चाचपडावा लागतो, आणि त्या पानांत मुंगळे असतात.